इंजिन तेल

इंजिन तेल (बोलीभाषेत इंजिन ऑइल) हे अंतर्ज्वलन इंजिनाच्या फिरत्या व घासणाऱ्या भागांमध्ये वापरले जाणारे वंगण आहे. घर्षण व झीज कमी करणे हे त्याचे मुख्य कार्य होय. त्याखेरीज दट्ट्या आणि बेअरिंग यांतील उष्णता वाहून नेणे, काजळी व गाळ स्वतःमध्ये धरून ठेवणे, गंज रोखणे आणि दट्ट्याच्या कड्या व सिलिंडर यांमधील फट भरून काढणे ही कामेही तेच करते. वाहनासाठी योग्य तेल कोणते, हे इंजिनाची रचना, इंधन, वापराची पद्धत आणि प्रदेशाचे हवामान यांवर ठरते. त्यांपैकी हवामानाला लोकव्यवहारात वाजवीपेक्षा अधिक महत्त्व दिले जाते.

शब्द व पूर्वपीठिका

मराठीत ‘वंगण’ हा शब्द मोटार येण्यापूर्वीपासून बैलगाडीच्या आसाला लावावयाच्या तेलकट पदार्थासाठी रूढ आहे. या कामी एरंडेल वापरले जाई. एरंडेल आणि इंजिन यांचा संबंधही जुनाच आहे. पहिल्या महायुद्धातील अनेक विमानांच्या फिरत्या इंजिनांत एरंडेलच वंगण म्हणून घातले जाई आणि ‘कॅस्ट्रॉल’ हे व्यापारनाम एरंडेलाच्या इंग्रजी नावावरूनच आले आहे. पुढे खनिज तेलाने त्याची जागा घेतली. आज खनिज तेल, कृत्रिम म्हणजे सिंथेटिक तेल आणि दोहोंचे मिश्रण असलेले अर्धकृत्रिम तेल असे प्रकार बाजारात मिळतात. प्रत्येकात मूळ तेलाबरोबर झीजरोधक, गाळ विखुरणारी, आम्ल मारणारी व फेस रोखणारी द्रव्ये मिसळलेली असतात.

श्यानता आणि डब्यावरील आकडे

द्रवाच्या वाहण्यास होणाऱ्या अंतर्गत विरोधास श्यानता म्हणतात. तेल तापले की त्याची श्यानता घटते, म्हणजे ते पातळ होते. अमेरिकेतील एसएई या अभियंत्यांच्या संस्थेने ठरविलेली श्यानतेची प्रतवारी जगभर वापरली जाते. भारतात विकल्या जाणाऱ्या डब्यांवरही तीच असते.

‘५डब्ल्यू-३०’ या खुणेतील ‘डब्ल्यू’ हे अक्षर हिवाळ्याचे द्योतक आहे. त्याच्या आधीचा आकडा थंडीतील वर्तन सांगतो, नंतरचा आकडा तापलेल्या इंजिनातील. थंडीची चाचणी अत्यंत कमी तापमानाला होते. इंजिन फिरविण्यास तेलाचा किती अडथळा होतो, हे ५डब्ल्यू तेलासाठी उणे ३० अंश सेल्सिअसला, १०डब्ल्यूसाठी उणे २५ अंशांना, १५डब्ल्यूसाठी उणे २० अंशांना आणि २०डब्ल्यूसाठी उणे १५ अंशांना तपासतात. दुसरा आकडा मुख्यतः १०० अंश सेल्सिअसला मोजलेल्या श्यानतेवरून ठरतो. ३० प्रतीच्या तेलाची श्यानता ९.३ ते १२.५ सेंटिस्टोकच्या दरम्यान, तर ४० प्रतीची १२.५ ते १६.३ सेंटिस्टोकच्या दरम्यान असावी लागते. हे आकडे म्हणजे अंश सेल्सिअस नव्हेत. ‘४० आकड्याचे तेल ४० अंशांच्या उन्हासाठी’ हा समज सर्वस्वी चुकीचा असूनही तो गॅरेजांत सर्रास ऐकू येतो.

मराठवाड्याच्या हवामानातील निवड

बीड जिल्ह्यातील पाली हे गाव बीड शहराच्या दक्षिणेस धुळे-सोलापूर महामार्गावर, बिंदुसरा धरणाजवळ आहे. येथील हवामान मराठवाड्याचे प्रातिनिधिक मानता येईल. एप्रिल-मे महिन्यांत पारा ४० अंशांच्या वर जातो, हवा कोरडी व धुळीची असते आणि हिवाळ्यात पहाटे गारठा पडला तरी तापमान गोठणबिंदूपर्यंत उतरत नाही. द्रास किंवा लेह येथे हिवाळ्यात १५डब्ल्यू आणि ०डब्ल्यू यांतील फरक इंजिन सुरू होणे न होणे ठरवू शकतो. पालीत तसा प्रश्न उद्भवत नाही. तरीही पहिला आकडा लहान असलेले तेल सकाळी इंजिन सुरू होताच वरच्या भागापर्यंत लवकर पोहोचते आणि सुरुवातीच्या क्षणांतील झीज कमी करते, एवढा लाभ येथेही आहे.

उन्हाळ्यात ‘जाड’ तेल घालावे, हा सल्ला एकश्रेणी तेलांच्या काळातील आहे आणि त्या काळी तो योग्यही होता. आजच्या इंजिनात थर्मोस्टॅट शीतकाचे तापमान ठरावीक मर्यादेत राखतो. चालू इंजिनातील तेल साधारणपणे ९० ते ११० अंशांपर्यंत तापते. बाहेर ३० अंश असोत की ४२, त्या फरकाचा परिणाम तुलनेने मर्यादित राहतो. त्याहून अधिक परिणाम भाराचा होतो. भरलेली गाडी वातानुकूलन चालू ठेवून दुपारी मांजरसुंब्याचा घाट चढत असेल, तर तिचे तेल सपाट रस्त्यावरील गाडीपेक्षा कितीतरी अधिक तापते. अशा वापरासाठी उत्पादकाने पुस्तिकेत दोन श्रेणी दिल्या असतील, तर त्यांतील अधिक श्यानतेची निवडावी. पुस्तिकेत एकच श्रेणी असेल, तर हवामानाच्या नावाखाली ती बदलण्याचे कारण नाही. अलीकडच्या काही छोट्या पेट्रोल मोटारींना ०डब्ल्यू-१६ एवढे पातळ तेल सांगितलेले असते. त्यांच्या बेअरिंगमधील फटी, तेलाचा पंप व झडपांची यंत्रणा त्याच तेलासाठी आखलेली असते. त्यांत २०डब्ल्यू-५० घातल्यास तेल उशिरा पोहोचते आणि इंधनही अधिक जळते.

या भागात उन्हापेक्षा धूळ अधिक घातक आहे. हवेच्या फिल्टरमधून सुटलेले वाळूचे सूक्ष्म कण तेलात मिसळून कड्या व बेअरिंग घासतात. कोणतीही महाग प्रत त्यावर उपाय ठरत नाही. म्हणून बहुतेक पुस्तिकांमध्ये धूळ, अवजड भार किंवा वारंवार छोट्या फेऱ्या अशा ‘कठीण वापरा’साठी तेल व फिल्टर बदलण्याचे अंतर कमी दिलेले असते. ग्रामीण मराठवाड्यातील बरीच वाहने याच वर्गात मोडतात, हे वाहनधारकांच्या सहसा लक्षात येत नाही.

गुणवत्तेच्या खुणा

श्यानता जुळली म्हणजे तेल योग्य झाले असे नव्हे. पेट्रोल इंजिनांसाठी एपीआयची ‘एस’ने सुरू होणारी मालिका आहे (उदा. २०२० मध्ये आलेली ‘एसपी’), तर डिझेलसाठी ‘सी’ने सुरू होणारी (उदा. ‘सीआय-४’, ‘सीके-४’). १ एप्रिल २०२० पासून देशभर भारत स्टेज-६ मानके लागू झाली आणि डिझेल मोटारींना काजळी अडविणारा फिल्टर आला. तेल जळून उरणारी राख या फिल्टरात साचते व इंधन जाळून नष्ट होत नाही. त्यामुळे अशा गाड्यांना कमी राखेचे तेल लागते. युरोपीय ‘एसीईए सी३’ मानकात राखेची मर्यादा ०.८ टक्के आहे. ट्रॅक्टरसाठी आणलेले जुन्या प्रतीचे १५डब्ल्यू-४० श्यानतेने जवळचे वाटले, तरी अशा मोटारीत घातल्यास फिल्टर अकाली तुंबतो आणि तो बदलण्याचा खर्च तेलाच्या किमतीच्या कैक पट असतो.

उलट, मोटारीचे तेल मोटारसायकलला चालेलच असे नाही. बहुतेक मोटारसायकलींत क्लच तेलातच बुडालेला असतो. घर्षण घटविणाऱ्या द्रव्यांमुळे तो घसरतो, म्हणून ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ ही खूण पाहावी लागते.

तपासणी

गाडी सपाट जागी उभी करून, इंजिन बंद केल्यावर काही मिनिटांनी डिपस्टिकवर पातळी पाहतात. डिझेल इंजिनात तेल लवकर काळे पडते. तो दोष नव्हे, काजळी धरून ठेवण्याचे काम होत असल्याची ती खूण आहे. तेल दुधाळ दिसल्यास त्यात पाणी वा शीतक मिसळल्याची शक्यता असते. पातळी आपोआप वाढलेली दिसल्यास अधिक सावध व्हावे. फिल्टर असलेल्या डिझेल गाडीच्या केवळ छोट्या फेऱ्या होत असतील, तर फिल्टर स्वच्छ करण्याची प्रक्रिया अर्धवट राहते, जादा सोडलेले डिझेल तेलात उतरते आणि तेल पातळ होते. प्रवासात तेल कमी झाल्यास मिळेल ते जवळच्या प्रतीचे थोडे तेल भरणे हे इंजिन कोरडे चालविण्यापेक्षा केव्हाही बरे.

वापरलेले तेल

ग्रामीण भागात जळके तेल गाडीच्या आसाला, लोखंडी अवजारांना आणि वाळवीपासून बचावासाठी लाकडाला लावण्याची प्रथा आहे. या तेलात धातूंचे कण व कर्करोगकारक संयुगे असतात. ते वारंवार त्वचेस लागणे अपायकारक आहे. भारतात वापरलेल्या तेलाची गणना घातक कचऱ्यात होते आणि १ एप्रिल २०२४ पासून त्याच्या पुनर्प्रक्रियेची जबाबदारी उत्पादकांवरही टाकण्यात आली आहे. ते ओढ्यात किंवा विहिरीजवळच्या जमिनीत ओतल्यास पाणी दूषित होते. पालीसारख्या धरणाकाठच्या, वारंवार टंचाई सोसणाऱ्या गावात झाकणबंद डब्यात साठवून ते अधिकृत संकलकाकडे देणे हाच योग्य मार्ग होय.