पीए ते पोडियाट्रिस्ट : पायाच्या डॉक्टरकीची वाट नेमकी कशी?

बारावीचा निकाल लागला की निपाणी, चिकोडी, खानापूर भागातले पालक विचारतात, 'नीटला मार्क कमी पडले, आता फिजिशियन असिस्टंट केलं तर पुढं डॉक्टर होता येतं का?' प्रवेशाची फी भरण्याआधी याचं उत्तर माहीत असलेलं बरं.

पीए म्हणजे कोण?
फिजिशियन असिस्टंट, थोडक्यात पीए, हा डॉक्टरच्या देखरेखीखाली काम करतो. रुग्णाची माहिती घेणं, तपासणी, शस्त्रक्रियेत मदत ही त्याची कामं. अमेरिकेत ड्यूक विद्यापीठात 1965 मध्ये हा अभ्यासक्रम सुरू झाला. पहिले विद्यार्थी नौदलातून आलेले वैद्यकीय सहायक होते. भारतात 1992 मध्ये चेन्नईच्या मद्रास मेडिकल मिशनमध्ये डॉ. के. एम. चेरियन यांनी त्याची सुरुवात केली. साधारणपणे तीन वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप, असा हा पदवी अभ्यासक्रम असतो.

पोडियाट्रिस्ट म्हणजे कोण?
पाऊल आणि घोट्याचे विकार बघणारा तज्ज्ञ. अमेरिकेत त्यासाठी डीपीएम ही वेगळी पदवी आहे. पदवीनंतर चार वर्षं डीपीएम, मग साधारण तीन वर्षं रेसिडेन्सी. आधी पीए असलेल्याचा अनुभव कामी येतो, पण वर्षं सहसा कमी होत नाहीत. हिशेब सरळ आहे : बारावीनंतर चार, चार आणि तीन मिळून अकरा वर्षं. शिकवण्याचं काम त्याच्याही पुढं.

आपल्याकडं काय?
भारतात पीएला थेट एमबीबीएसच्या मधल्या वर्षात प्रवेश मिळत नाही. नीट द्यावीच लागते. पायाचं काम बहुतेक ठिकाणी सर्जन किंवा मधुमेहतज्ज्ञच जादा प्रशिक्षण घेऊन करतात. 2021 च्या संलग्न आरोग्य व्यवसाय कायद्यात मात्र फिजिशियन असोसिएट आणि पोडियाट्रिस्ट, दोघांचीही नोंद आहे. या कायद्यात प्रत्येक राज्याची परिषद वेगळी. त्यामुळं कॉलेज कर्नाटकात आणि नोकरी कोल्हापुरात असा बेत असेल तर मान्यता आणि नोंदणीची चौकशी आधीच करावी.

नागपूरचं उदाहरण
डॉक्टर, पायाचा जाणकार आणि शिक्षक ही वाट मराठी मुलखात नागपूरचे मधुमेहतज्ज्ञ डॉ. शरद पेंडसे यांनी चालून दाखवली. मधुमेही पायावर त्यांनी सचित्र ग्रंथ लिहिला. पुढं टांझानियाचे डॉ. झुल्फिकारअली अब्बास यांच्यासोबत 'स्टेप बाय स्टेप' हा प्रशिक्षण कार्यक्रम राबवला. एकट्या डॉक्टरला न बोलावता त्याच्यासोबत नर्स किंवा सहायकालाही शिकवायचं, ही त्यातली खरी गोष्ट. कारण रोज पट्टी बदलणारा आणि चपलेबद्दल समजावणारा माणूस सहायकच असतो. पीए झालेल्याला पायाच्या कामात जागा आहे ती इथं.

हे महत्त्वाचं का?
मधुमेहात पायाची संवेदना जाते. उसाच्या फडात अनवाणी फिरताना काटा रुतला तरी कळत नाही. जखम चिघळते आणि गोष्ट पाय कापण्यापर्यंत जाते. वेल्लोरला डॉ. पॉल ब्रँड यांनी कुष्ठरुग्णांच्या बाबतीत हेच दाखवलं : बधिर पायावर सतत दाब पडल्यानं जखमा होतात, तो दाब काढला तर त्या भरतात. मऊ तळाच्या एमसीआर चपलांमागं हाच विचार आहे. संवेदना तपासायला नायलॉनचा एक बारीक धागा पुरतो. काम काही मिनिटांचं आहे, पण ते करणारा शिकलेला माणूस गावात हवा.

थोडक्यात, पीए ही डॉक्टर होण्याची मागची पायरी नव्हे, तो स्वतंत्र व्यवसाय आहे. तसं समजून घेतला तर त्यात पोट भरतं आणि कुणाचा पायही वाचतो. घरात मधुमेहाचा पेशंट असेल तर आज रात्री झोपण्यापूर्वी त्याचे तळवे उजेडात नीट बघा.