पाईपचे लाकूड : निवड आणि घडण

२९ मार्च २००४ पासून आयर्लंडमध्ये पबसह सगळ्या कामाच्या ठिकाणी धूम्रपानाला बंदी आली. पाईप ओढणारे आजोबा आता क्वचितच दिसतात. पण पाईप घडवणे ही इथली जुनी कारागिरी आहे, आणि लाकूडकामाचा छंद असलेल्या आपल्यातल्या काहींना एखादा स्वतः करून पाहावासा वाटतो. त्यांच्यासाठी ही माहिती. (तंबाखू घातक आहे हे वेगळे सांगायला नको. इथे विषय लाकडाचा आहे.)

आपल्याकडे चिलीम मातीची, तसा इथेही गरिबाचा पाईप मातीचाच असे. रॉसकॉमन काउंटीतले नॉकक्रॉकरी हे गाव त्यासाठी प्रसिद्ध होते. जून १९२१ मध्ये 'ब्लॅक अँड टॅन्स' या ब्रिटिश दलाने ते जाळले आणि तो धंदा बंद पडला. माती फुटते, पण जळत नाही. लाकूड जळते, म्हणून ते निवडण्यातच अर्धे काम आहे.

सर्वात चांगले लाकूड म्हणजे ब्रायर. भूमध्य समुद्राकाठी 'एरिका आर्बोरिया' नावाचे झुडूप वाढते, त्याचे हे लाकूड. तेही खोडाचे नव्हे, तर मूळ आणि खोड यांच्यामध्ये जमिनीलगत वाढणाऱ्या गाठीचे. वणव्यात वरचे झुडूप जळून गेले तरी या गाठीतून पुन्हा धुमारे फुटतात. यावरून ती किती चिवट असते ते कळेल. काही दशके वाढलेली गाठ खणून काढतात, ओली ठेवून चिरतात, तुकडे कित्येक तास उकळून त्यातला रस काढतात आणि मग महिनोन्‌महिने वाळवतात. उकळणे नीट झाले नाही तर धूर कडवट लागतो. वाळवण्यात घाई केली तर लाकूड तडकते. हे घरी करण्यासारखे नाही. वाळवलेला ठोकळाच विकत घ्यावा.

गंमत म्हणजे प्रसिद्ध 'आयरिश' पाईपचे लाकूडच काय, तो करणारेही बाहेरचे! डब्लिनच्या 'कॅप अँड पीटरसन'मधले कॅप बंधू मूळचे न्यूरेंबर्गचे, तर चार्ल्स पीटरसन लॅटव्हियाचा. धुरातला ओलावा दांडीतल्या खळग्यात साठवणाऱ्या पाईपचे पेटंट त्याने १८९० मध्ये घेतले. २०१८ मध्ये कंपनी अमेरिकन मालकाकडे गेली, पण कारखाना डब्लिनजवळ सॅलिनॉगिनलाच राहिला.

खास इथले लाकूड हवे असेल तर बॉग ओक आहे. पीटच्या दलदलीत हजारो वर्षे गाडला गेलेला हा ओक, लोहाशी संयोग होऊन काळा पडलेला. दिसतो देखणा, पण सुकताना फार तडकतो, म्हणून तोही पुरता वाळलेलाच घ्यावा. चेरी आणि पेअरचेही पाईप होतात, मात्र ते ब्रायरइतके उष्णतेला टिकत नाहीत. बागेतले यू किंवा लॅबर्नम चुकूनही वापरू नये. दोन्ही झाडे आपल्या कण्हेरीसारखी विषारी आहेत. रंग दिलेले, रसायन मारलेले लाकूड आणि प्लायवूड यांचेही नाव नको.

ठोकळा हातात घेऊन रेषा पाहाव्यात. उभ्या रेषा वाटीच्या बाजूंना येतील असा आकार आखला, तर आडव्या छेदात छोट्या डोळ्यांसारखे ठिपके दिसतात. बारीक खड्डे बहुतेक ठोकळ्यांत निघतातच. कारखानेही अशा वाट्या खडबडीत कोरून घेतात. पीटरसनचा 'डोनेगल रॉकी' हा त्यातलाच. भेग असेल तर मात्र ठोकळा सोडून द्यावा.

आधी भोके, मग आकार हा क्रम नवख्याने मोडू नये. चौकोनी ठोकळा शिकंज्यात घट्ट बसतो, गोल झालेला घसरतो. तंबाखूचे भोक साधारण १९ ते २० मिलिमीटर रुंद आणि धुराची वाट ३.५ ते ४ मिलिमीटर असावी. ही वाट वाटीच्या अगदी तळाशी, मधोमध निघाली पाहिजे. वर निघाली तर खाली ओला तंबाखू साचतो. खाली निघाली तर तळ पातळ होऊन जळतो. हे जमत नसेल तर भोके पाडलेला आणि नळी बसवलेला ठोकळा छंदिष्टांसाठी मिळतो. पहिल्या वेळी तोच बरा.

पुढे करवतीने जादा लाकूड काढून कानशीने आकार द्यावा. वाटीची जाडी सगळीकडे निदान ६ मिलिमीटर राहू द्यावी. नाजूक दिसावी म्हणून पातळ केलेली वाटी हाताला चटके देते. मग जाड्या पॉलिश पेपरपासून बारीकपर्यंत घासावे. धूळ छातीला वाईट, मास्क लावावा.

बाहेरून मेण चोळले की पुरे. वाटीच्या आत वार्निश किंवा रंग अजिबात लावू नये. नवा पाईप पहिले काही दिवस अर्धाच भरतात, म्हणजे आत हळूहळू काजळीचा थर धरतो. हाच थर लाकडाला आगीपासून वाचवतो, म्हणून तो पूर्ण खरवडू नये. नाण्याच्या जाडीपेक्षा वाढला, तर तेवढाच कमी करावा.