‘के’ कारवाई (चेकोस्लोव्हाकिया, 1950)

चेकोस्लोव्हाकियाच्या कम्युनिस्ट राजवटीने कॅथलिक पुरुष धर्मसंघ मोडून काढण्यासाठी केलेली कारवाई. 13 एप्रिल 1950 च्या मध्यरात्री गुप्त पोलीस व सशस्त्र लोकमिलिशिया यांनी जेझुइट, सालेशियन, रिडेम्प्टरिस्ट, फ्रान्सिस्कन आदींच्या मठांना वेढा घातला. झोपेतून उठवलेल्या संन्याशांना थोड्या वेळात बोचके बांधायला लावून बसमध्ये कोंबले आणि ठरावीक मठांत स्थानबद्ध केले. हे अचानक घडले नव्हते. आठवडाभर आधीच प्रागमध्ये मठाधिपती माखाल्का व इतर नऊ संन्याशांवरील देखाव्याचा खटला संपला होता. हेरगिरी व देशद्रोहाच्या आरोपांखाली त्यांना जबर शिक्षा झाल्या.

तरुण संन्याशांना लष्कराच्या श्रमतुकड्यांत धाडले. ‘अडेलतट्टू’ ठरलेल्यांसाठी झेलिव्हचा मठ 1956 पर्यंत तुरुंगासारखा वापरला गेला. संन्यासिनींची पाळी त्याच वर्षी आली; अनेकींना कापड गिरण्यांत राबवले. मठांची मौल्यवान ग्रंथालये विस्कटली, हा घाव चेक संस्कृतीवरही होता. सालेशियन धर्मगुरू टिटुस झेमान यांनी तरुण साधकांना मोराव्हा नदीपलीकडे ऑस्ट्रियात पोचवले. 1951 मध्ये पकडले गेल्यावर त्यांनी दीर्घ तुरुंगवास भोगला. कॅथलिक चर्चने 2017 मध्ये त्यांना ‘धन्य’ घोषित केले. धर्मसंघांना मोकळेपणी काम करता आले ते 1989 च्या सत्तांतरानंतरच.