फ्लॅक का टिकलं?

सीडीवरचं एक मिनिटाचं गाणं जसंच्या तसं कॉम्प्युटरवर घेतलं तर साधारण १० एमबी जागा खातं. हिशेब सोपा आहे: सेकंदाला ४४,१०० नमुने, प्रत्येक १६ बिटचा, आणि डावा-उजवा असे दोन चॅनल. टीव्हीशेजारी कॉम्प्युटर ठेवून त्यावर गाणी ऐकणारे बरेच जण हीच माहिती फ्लॅकमध्ये साठवतात. फाइल पुष्कळदा निम्म्याच्या आसपास येते आणि एकही बिट हरवत नाही. पण गंमत बघा, सगळ्यात लहान फाइल काही फ्लॅक करत नाही. तरी टिकलं तेच.

याची सुरुवात संगीतात नाही. १९९४ मध्ये केंब्रिज विद्यापीठाच्या अभियांत्रिकी विभागातल्या टोनी रॉबिन्सन यांनी 'शॉर्टन' या प्रोग्रॅमवर एक छोटासा तांत्रिक अहवाल लिहिला. त्यांचा विषय स्पीच रेकग्निशन. त्यात बोलण्याची ढीगभर रेकॉर्डिंग साठवावी लागतात, आणि डेटा असल्यामुळे त्यात काटछाट चालत नाही.

युक्ती समजून घ्या. सलग नमुने १००, १०४, १०८ असे आले तर पुढचा ११२ असेल, असा अंदाज करायचा. प्रत्यक्षात ११३ आला, तर फक्त १ एवढा फरक लिहून ठेवायचा. तानपुऱ्याचा सूर अशा अंदाजात छान बसतो, टाळ्यांचा कडकडाट बसत नाही. हे छोटे फरक कमी बिटांत लिहिण्यासाठी रॉबिन्सननी रॉबर्ट राइस यांचा कोड वापरला. राइस नासाच्या जेट प्रपल्शन लॅबोरेटरीतले, अंतराळयानांकडून येणाऱ्या माहितीसाठी झटणारे. आणि त्याच कुळातला कोड सॉलोमन गोलोम्ब यांनी १९६६ मध्येच मांडला होता. कोणाचं काम कुठे जाऊन पोचेल, सांगता येत नाही!

शॉर्टन पुढे अमेरिकेत मैफलींची रेकॉर्डिंग एकमेकांना देणाऱ्या हौशी लोकांनी उचललं. पण गाण्याच्या मधेच उडी मारायची तर त्यात पंचाईत होती, आणि परवाना फक्त बिगर-व्यावसायिक वापरापुरता.

२००० च्या सुमारास दोन नवे पर्याय आले: मॅथ्यू अॅशलँड यांचं 'मंकीज ऑडिओ' आणि जोश कोल्सन यांचं फ्लॅक (१.० आवृत्ती जुलै २००१). फक्त फाइलच्या आकाराचा तक्ता केलात तर मंकीज वर दिसेल. मात्र त्यात फाइल उलगडायला जवळपास दाबण्याइतकेच कष्ट पडतात. कोल्सननी सगळा भार दाबणाऱ्या बाजूवर टाकला. रूपांतर एकदा होतं, ऐकणं शंभरदा. हॉलमधल्या हळू, पंख्याचा आवाज नको म्हणून निवडलेल्या प्रोसेसरला हेच हवं होतं. माझ्या मते खरा शोध इथे आहे, म्हणजे काय मोजायचं ते ठरवण्यात. अल्गोरिदम तर बराचसा शॉर्टनचाच, आणि कोल्सननी तसं श्रेयही दिलंय.

दुसरी गोष्ट, फ्लॅकच्या फाइलमध्ये मूळ ध्वनीचा एमडी५ ठसा साठवलेला असतो. वर्षांनंतर डिस्कवर काही बिघडलं का, हे मूळ सीडी हाताशी नसतानाही तपासता येतं. 'मला तर सारखंच ऐकू येतं' हा पुरावा नव्हे.

अॅपलने २००४ मध्ये स्वतःचा बंदिस्त लॉसलेस फॉरमॅट आणला आणि २०११ मध्ये तो खुला केला. त्यातून फ्लॅकमध्ये येताना ध्वनीचं काहीच गमावत नाही, परतही जाता येतं. एमपी३ चं फ्लॅक केलंत तर मात्र फाइल फुगते, गेलेलं परत येत नाही. फ्लॅकचं तपशीलवार वर्णन डिसेंबर २०२४ मध्ये आरएफसी ९६३९ म्हणून अधिकृतपणे छापलं गेलं.

भाषणध्वनीवर काम करणार असाल तर जुने संग्रह आजही शॉर्टनने दाबलेले हातात पडतील, आणि नेहमीचा प्लेअर ते उघडणार नाही. आधी उलगडा, फ्लॅक करून ठेवा. मूळ फाइल मात्र पुसू नका. हेडरमधली माहिती रूपांतरात सोबत येईलच असं नाही.