व्हाल्दोक्को उद्योगशाळा

इटलीच्या वायव्य भागातील तूरिन शहरातील कॅथलिक उद्योगशाळा. दोरा नदीजवळच्या व्हाल्दोक्को वस्तीत ती असून, सेलेझियन धर्मसंघाचे संस्थापक जोव्हान्नी बॉस्को ऊर्फ डॉन बॉस्को (१८१५–८८) यांनी परमुलखातून पोटासाठी आलेल्या मुलांकरिता ती उभारली.

एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास तूरिन ही सार्डिनियाच्या राज्याची राजधानी होती आणि तेथील बांधकामांवर राबण्यासाठी पीडमाँटच्या डोंगराळ खेड्यांतून, तसेच तेव्हा ऑस्ट्रियाच्या अंमलाखाली असलेल्या लोंबार्डीतून अल्पवयीन मुले येत. १८४१ मध्ये धर्मगुरुपदाची दीक्षा घेतल्यावर बॉस्को अशा मुलांना सुटीच्या दिवशी प्रार्थना, शिक्षण व खेळ यांसाठी जमवू लागले. या मेळाव्यास ‘ऑरातोरिओ’ म्हणत. अनेक ठिकाणांहून हुसकावले गेल्यावर १२ एप्रिल १८४६ रोजी, ईस्टरच्या दिवशी, त्यास व्हाल्दोक्कोतील पिनार्दी नावाच्या गृहस्थांच्या छपरात कायमची जागा मिळाली. छप्पर इतके ठेंगणे होते, की उंची वाढविण्यासाठी आतील जमीन खोदावी लागली. पुढील वर्षी तेथे वसतिगृह सुरू झाले व त्याचा संसार बॉस्को यांच्या मातोश्री मार्गेरिता यांनी सांभाळला.

सुरुवातीस वसतिगृहातील मुले शहरातील कारागिरांकडे उमेदवारी करीत. मालकाने त्यांना घरगड्याप्रमाणे राबवू नये म्हणून बॉस्को मुद्रांकित कागदावर लेखी करार करून घेत. १८५२ च्या अशा एका करारात, उमेदवाराला केवळ धंद्याशी संबंधित कामे द्यावीत, चूक झाल्यास मारहाण न करता शब्दांनीच समज द्यावी आणि सणावारी त्यास मोकळे सोडावे, अशी बंधने सुतारावर घातलेली आढळतात. तथापि बाहेरच्या कारखान्यांतील वातावरण मुलांना बिघडविते असे दिसून आल्याने, तसेच वसतिगृहाची कपडे-जोड्यांची गरज घरीच भागावी म्हणून, १८५३ मध्ये जोडेकाम व शिवणकाम यांचे वर्ग आवारातच उघडले गेले. विद्यार्थिदशेत हे धंदे शिकलेले बॉस्को आरंभी स्वतःच मुलांना धडे देत. पुढे पुस्तकबांधणी (१८५४), सुतारकाम (१८५६) आणि त्यानंतर छपाई व लोहारकाम यांची भर पडली. छापखान्यातून शालेय व धार्मिक पुस्तके निघत.

या उद्योगशाळेचा नमुना सेलेझियन धर्मगुरूंनी परदेशी नेला. १८७५ मध्ये जोव्हान्नी काल्येरो यांच्या नेतृत्वाखाली त्यांची पहिली तुकडी अर्जेंटिनास गेली. तेथे स्थलांतरित इटालियनांची सेवा हे तिचे एक प्रमुख काम होते. मुंबईतील माटुंग्याचे डॉन बॉस्को विद्यालय याच धर्मसंघाचे आहे. व्हाल्दोक्कोच्या आवारात आजही व्यवसाय-प्रशिक्षण केंद्र चालते आणि जुन्या इमारतींत २०२० पासून संग्रहालय आहे.