अकिलीस कंडरेची दुखापत
पोटरीचे स्नायू टाचेच्या हाडाला जोडणाऱ्या कंडरेचा दाह, झीज किंवा तुटणे. शरीरातील ही सर्वांत जाड व बळकट कंडरा आहे. ग्रीक पुराणकथेतील वीर अकिलीस याची टाच हेच त्याचे मर्मस्थान होते. त्यावरून हे नाव पडले.

बास्केटबॉल, फुटबॉल, बॅडमिंटन यांसारख्या खेळांत अचानक वेग घेताना किंवा उडी मारताना ही कंडरा तुटते. टाचेच्या वर सु. २ ते ६ सेंमी. भागात रक्तपुरवठा कमी असल्याने बहुधा तेथेच ती तुटते. मागून कोणी लाथ मारल्यासारखे वाटते. रुग्णाला पालथे झोपवून पोटरी दाबली असता पाऊल हलले नाही, तर कंडरा पूर्ण तुटल्याचे निदान होते.

उपचार शस्त्रक्रियेने किंवा तिच्याविना करतात. आधी चवडा खाली झुकलेल्या स्थितीत पाऊल आधारबुटात ठेवतात. नंतर हळूहळू भार देणे, टाचा उचलण्याचे व्यायाम, धावणे आणि उड्या असा क्रम असतो. मैदानावर परतण्यास साधारणतः ९ ते १२ महिने लागतात.

अमेरिकन बास्केटबॉलपटू कोबी ब्रायंट याची कंडरा एप्रिल २०१३ मध्ये तुटली. तो डिसेंबरमध्ये परतला. पण सहाच सामन्यांनंतर त्याच्या गुडघ्याचे हाड मोडले. दुसरा अमेरिकन बास्केटबॉलपटू केव्हिन ड्युरंट याचीही हीच कंडरा जून २०१९ मध्ये तुटली. पूर्ण हंगामाची विश्रांती घेऊन तो डिसेंबर २०२० मध्ये परतला आणि पुढेही अव्वल दर्जाचा खेळ करीत राहिला.