पाण्यापाशी संपणारा रस्ता

डोंबिवलीच्या मोठागावातून खाडीपलीकडे माणकोलीला जायला आपल्याकडे होडी होती. आता तिथे पूल झाला. होडी चुकली की काय होतं, हे खाडीकाठच्या बायकांना सांगायला नको. आज आम्ही अशाच एका पाण्याची गोष्ट सांगणार आहोत. ते पाणी सातारा जिल्ह्यातलं, पण त्याचं नातं थेट आपल्या ठाणे जिल्ह्याशी आहे.

महाबळेश्वरहून एक रस्ता तापोळ्याला उतरतो आणि पाण्यापाशी संपतो. समोर कोयनेचा शिवसागर जलाशय, पलीकडे कांदाटी खोरं. माणसं लाँचने जातात. जीप आणि मोटारसायकली तराफ्यावर चढवतात. पलीकडच्या काठाला रस्ता पुन्हा सुरू होतो.

हे पाणी पूर्वी नव्हतं. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, दक्षिणेला वाहत येऊन हेळवाकपाशी पूर्वेला वळते आणि कऱ्हाडला कृष्णेला मिळते. तिच्या दोन्ही अंगांना गावं होती. नदीलगत भातखाचरं, वर डोंगरउतारावर नाचणी-वरी. अलीकडची लेक पलीकडे दिली, तरी माहेर जवळच असायचं.

१९५० नंतरच्या दशकात धरणाचं काम सुरू झालं, १९६४ साली ते पुरं झालं. भिंत १०३ मीटर उंच, साठा १०५ टीएमसी, आणि पाण्याचा फुगवटा जवळजवळ ५० किलोमीटर लांब. हे पाणी सह्याद्रीच्या पोटातून बोगद्याने पश्चिमेला, पोफळीच्या वीजघरात नेलं. १९६२ साली वीज सुरू झाली. त्या विजेवर मुंबई-ठाण्याचे कारखाने चालले, आपल्या घरातले दिवे लागले.

त्याची किंमत सुमारे शंभर गावांनी दिली. कोणी सोलापूरला गेलं, कोणी सांगलीला, कोणी रायगडला, आणि कोणी आपल्या ठाणे जिल्ह्यात आलं. नवी माती, नवे शेजारी, बोलीसुद्धा वेगळी. तेव्हा पुनर्वसनाचा कायदाच नव्हता. महाराष्ट्रात तो १९७६ साली आला. म्हणजे घर आधी गेलं आणि हक्काचा कागद मागाहून आला. जमिनीसाठी या लोकांना पुढच्या पिढीपर्यंत झगडावं लागलं. २०१८ सालीसुद्धा कोयनानगरला धरणग्रस्तांनी ठिय्या दिला होता.

सगळेच गेले नाहीत. काहींनी गाव सोडलं नाही, डोंगरात वर सरकून नवी घरं बांधली. चांगली खाचरं पाण्याखाली गेली, जुन्या वाटाही गेल्या. ११ डिसेंबर १९६७ च्या पहाटे भूकंप झाला, त्याने खोरं पुन्हा हादरलं. पुढे १९८५ साली कोयना अभयारण्य झालं, २०१० साली सह्याद्री व्याघ्र प्रकल्प. जंगल राखायला हवंच, पण त्यामुळे साधा रस्ता काढणंही अवघड झालं. मग पुरुष पोटासाठी मुंबई-ठाण्याला आले, माथाडी झाले. मागे शेत, गुरं, म्हातारी माणसं बायकांनी सांभाळली.

आता विचार करा. रात्री कळा सुरू झाल्या तर आधी लाँच मिळायला हवी. पावसाळ्यात वारा सुटला की पाणी उसळतं. उन्हाळ्यात पाणी खाली गेलं की धक्का उघडा पडतो आणि चिखल तुडवत बोटीपर्यंत जावं लागतं. आपण खाडीची भरती-ओहोटी पाहून निघतो, तसं त्या धरणाची पातळी पाहून निघतात. तापोळा ते आहीर असा पूल आता हाती घेतला आहे. पूल झाला की पर्यटक जातीलच. पण बाळंतिणीला दवाखाना आणि मुलीला शाळा जवळ येईल, तेव्हाच तो पूल खोऱ्याचा झाला असं आम्ही म्हणू.

मैत्रिणींनो, तुमच्या गटात, तुमच्या शेजारी कोयनेकाठून आलेल्या आजी असतील. त्यांच्याजवळ बसा. गाव कोणतं होतं, नदीवर कुठे धुणं धुवायच्या, निघताना काय बरोबर घेतलं, हे विचारा आणि वहीत उतरवून ठेवा. जमिनीच्या सातबाऱ्यावर त्यांचं किंवा सुनेचं नाव लागलं आहे का, तेही बघा. दिव्याचं बटण दाबताना आपल्याला ते गाव दिसत नाही. निदान त्याचं नाव तरी आपल्या वहीत राहू दे.